एकशे वीस

१

१९८७ च्या उन्हाळ्यात शाळेचा संगणक माझ्या घरी होता. सरकारी योजनेतून तो आला तेव्हा त्याला हात लावायला तयार असलेला शिक्षक मी एकटाच निघालो. सुट्टीत बंद खोलीत उंदीर वायरी कुरतडतील, म्हणून मुख्याध्यापकांनी रजिस्टरवर सही घेऊन तो मला नेऊ दिला. वरच्या ओळीत तांबडी बटनं असलेलं ते खोकं मी मधल्या खोलीत टेबलावर मांडलं. घरचा काळापांढरा टीव्ही त्याला जोडला आणि प्रोग्रॅम साठवायला जुना टेपरेकॉर्डर. प्रोग्रॅम कॅसेटवर उतरताना कर्कश किरकिर व्हायची, तेव्हा माझी बायको केसर स्वैपाकघरातून ओरडायची, "बंद करा हो थे! कानात किडा गेल्यावानी होते."

मला तेव्हा या यंत्राचा नादच लागला होता. गावाचं नाव टाइप केलं की चिखली स्टँडवरून सुटणारी पुढची एसटी कोणती ते सांगणारा एक प्रोग्रॅम लिहिला. कूलरचा पंप तासातून दहाच मिनिटं चालावा म्हणून रिले बसवला. केसर रोज विचारायची, भाजी काय करू. तिच्यासाठी भाजी निवडणारा प्रोग्रॅम केला. त्यानं सलग चार दिवस वांगं सांगितलं, तेव्हा तिनं टीव्हीवर फडकंच टाकलं.

लागेल ती वायर, स्विच, रिले मला गफ्फारकडे मिळायचं. स्टँडजवळ त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. तो काही शिकलेला नव्हता, पण हातात डाग द्यायची कलम घेतली की भल्याभल्यांना ऐकायचा नाही.

घरात आम्ही तिघं. मी, केसर आणि माझे वडील, उकंडराव. सगळे त्यांना आबा म्हणायचे. आई गेल्यावर मी त्यांना सुलतानपूरहून चिखलीला आणलं. वर्षभरापासून त्यांचं विसरणं वाढत चाललं होतं. आधी दिवस विसरले, मग आम्हा लोकांची नावं. केसरला 'माय' म्हणायला लागले. सकाळ बरी जायची. दुपारचे तीन वाजले की बाजेवरून उठायचे.

"सुलतानपूरले जातो. माय वाट पाहून राह्यली."

त्यांच्या मायला जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

दोनदा ते उन्हात निघून गेले. दुसऱ्या वेळी बाजार समितीच्या मागं सापडले, अनवाणी, तळपायाला फोड आलेले. मी दाराला कडी लावून पाहिली, तर कपाळ फुटेस्तोवर दारावर डोकं आपटलं त्यांनी. केसरनं रक्त पुसता पुसता मला सांगितलं, "कडी नोका लावू. दुसरं काईबी करा."

म्हणून मी ते पत्रे केले.

२

आमचं घर म्हणजे एका रांगेत तीन खोल्या. पुढच्या खोलीत दाराशेजारी आबांची बाज, मधल्या खोलीत संगणक, मागं स्वैपाकघर आणि उंच भिंतींचं अंगण. रस्त्यावर उघडणारं दार एकच.

तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मी त्याच्या दोन जोड्या केल्या. दोन पत्र्यांच्या मध्ये सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, म्हणजे पाय पडला की पत्रे टेकतील आणि काढला की सुटतील. एक जोडी उंबऱ्याबाहेर, एक आत, वरून पोतं. वायर भिंतीच्या कडेनं मधल्या खोलीत नेली. बाहेरचा पत्रा आधी दबला आणि आतला नंतर, तर माणूस आत आला. उलट झालं, तर बाहेर गेला. पडद्यावर घरात किती माणसं आहेत तो आकडा दिसायचा, आणि कोणी बाहेर गेलं की गफ्फारनं दिलेला बझर वाजायचा.

गंमत म्हणून मी आणखी एक गोष्ट मोजू लागलो. पहिला पत्रा आणि दुसरा पत्रा यांच्यामध्ये किती वेळ गेला, सेकंदाच्या शंभराव्या भागात. दोनच दिवसांत कळलं की आकड्यावरून माणूस ओळखता येतो. माझा आकडा साठच्या आसपास. केसरचा पंचाहत्तर-ऐंशी. आबा डावा पाय ओढत चालायचे. त्यांचा कधी एकशे सव्वीस, कधी एकशे चव्वेचाळीस. एकदाही सारखा नाही. हे सगळे आकडे वेळेसकट पडद्यावर साठत जायचे आणि मी ते एका वहीत उतरवून ठेवत होतो.

आठवडाभर यंत्रानं चोख काम केलं. तीन वाजून गेले की बझर वाजायचा, मी धावायचो, आबा ओट्याच्या खाली पोचलेले असायचे. मी हात धरायचो.

"आबा, गाडी गेली. उद्या जाऊ."

"गेली काय?" ते म्हणायचे. "बरं. उद्या."

आणि मुकाट्यानं परत यायचे. केसर शेजारच्या बनाबाईला कौतुकानं पोतं उचलून पत्रे दाखवायची. मला वाटलं, आयुष्यात एक तरी गोष्ट उपयोगाची केली.

३

दुसऱ्या आठवड्यात, रविवारी दुपारी, मी टेबलाशी बसलो होतो. केसर स्वैपाकघरात तांदूळ निवडत होती. तीन वाजून पाच मिनिटांनी पडद्यावरचा तीनचा आकडा चार झाला.

कोणी आलं असेल म्हणून मी मधल्या दाराचा पडदा सारून पुढं गेलो. दार नेहमीसारखं अर्धं उघडं. उन्हाची पट्टी जमिनीवर. आबा बाजेच्या एका टोकाला पाय पोटाशी घेऊन बसले होते, एसटीत दुसऱ्याला जागा दिल्यासारखे.

"आबा, कोनी आलं व्हतं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पाय आणखी पोटाशी ओढले.

मी परत आलो. वहीत आकडा लिहिला, एकशे वीस. साडेतीन झाले आणि बझर वाजला. मी धावलो. आबा बाजेवरच. ओट्यावर कोणी नाही, रस्त्यावर कोणी नाही. समोरच्या लिंबाखाली कुत्रं झोपलं होतं, तेही उठलं नव्हतं. पडद्यावर पुन्हा तीन. आकडा, एकशे वीस.

सोमवारी तेच. आत, एकशे वीस. अर्ध्या तासानं बाहेर, एकशे वीस. मंगळवारी तेच.

मला राग आला तो माझ्या कामाचा. उन्हानं पत्रा फुगत असेल, तीनच्या सुमाराला ऊन उंबऱ्यावर येतं, पत्रे आपोआप टेकत असतील. मी पोत्यावर छत्री धरून बसलो, सावली केली. तरी आकडा चार झाला. त्या वेळी मी दाराकडं पाठ करून छत्रीची काडी नीट करत होतो. मग मी प्रोग्रॅममध्ये वाढीव ओळी घातल्या, छोटे धक्के मोजूच नयेत म्हणून. काही फरक नाही.

गफ्फार येऊन पाहून गेला. त्यानं पत्रे उचलले, मीटर लावला, बोटानं दाबून पाहिले.

"सर, काँटॅक्ट एकदम साफ हाय. कोनी पाय देल्याबिगर हा लागत नाही."

"मग एकशे वीस कुठून येते?"

"कोनी त येऊन राह्यलं असंल."

"रोज? त्याच येळेले? अन् चाल एवढी सारखी? माणसाची चाल एवढी सारखी नसते, गफ्फार. आबाचे आकडे पाह्य, रोज येगळे. हे माणसाचं काम नाही. दोष हाय कुठंतरी."

गफ्फारनं मान हलवली आणि चहा न घेताच गेला. मी काय बोललो ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

४

बुधवारी मी पुढच्या खोलीतच बसून राहिलो, दाराकडं तोंड करून. पावणेपाचपर्यंत काही झालं नाही. पाणी प्यायला उठून आत गेलो, दोन घोट घेतले तोवर आकडा चार होता. त्या दिवशी मी खोली शोधली. बाजेखाली वाकून पाहिलं, दारामागं, कपड्यांच्या दांडीमागं. केसर मधल्या दाराच्या पडद्याशी उभी राहून हसत होती. तिचं हसू ऐकून मीही हसलो.

पण आबांशी कोण बोलतं, हे तिनंच आधी विचारलं.

"दुपारी आबा हळूहळू सांगत असतात कोनाले तरी. मले वाटलं तुमी बसले."

मी संध्याकाळी आबांजवळ बसलो.

"आबा, दुपारी कोन येते?"

"थो येतो."

"थो कोन?"

"बुढा हाय एक. जास्त बोलत नाही. इचारते निसतं."

"काय इचारते?"

"आज मायचं नाव इचारलं."

"मग?"

"सांगलं."

मी सहज म्हणालो, "काय हो नाव मायचं?"

आबांनी तोंड उघडलं. मग नुसते माझ्याकडं पाहत राहिले. सगळं विसरले तरी मायचं नाव ते विसरले नव्हते. रोज तेच नाव घेऊन घराबाहेर पडायचे. त्यांच्या ओठांची हालचाल झाली आणि थांबली.

"सांगून टाकलं न मी त्याले," ते म्हणाले.

दुखणं वाढलं, असं मी केसरला सांगितलं. ते खरंच होतं. गुरुवारी ते सुलतानपूरच्या विहिरीबद्दल बोलेनासे झाले. शुक्रवारी मी विचारलं, आज काय इचारलं त्यानं. ते म्हणाले, "तुहं नाव." आणि मग मला माझंच नाव त्यांच्याकडून ऐकता आलं नाही. मी 'हिंमत, आबा, हिंमत' असं दोनतीनदा म्हटलं. त्यांनी ते परक्या माणसाचं नाव ऐकावं तसं ऐकून घेतलं.

रविवारी संध्याकाळी त्यांना मी जेवू घालत होतो. भाकरीचा घास गालात तसाच ठेवून ते म्हणाले, "आता काई राह्यलं नाही सांगाले."

"बरं झालं. झोपा आता."

"थो म्हने, तू जाय. मी बसतो इथं."

मी त्यांचं तोंड पुसलं. वर्षभर असली बोलणी ऐकून माझे कान बोथट झाले होते. वर्षभर. हे कधीपासून चाललं होतं, पत्रे बसवायच्या आधी दुपारी कोण येऊन बसत होतं, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. नंतर विचारलं, आणि मग ते विचारणं थांबलं नाही.

५

त्या आठ दिवसांत बझर रोज खोटा वाजायचा, एक बुधवार सोडला तर साडेतीनला. केसरचं डोकं दुखायचं, ती दुपारी कुठं डोळा लावायची तेवढ्यात ते कर्र सुरू. मी दरवेळी धावून जायचो, दरवेळी आबा बाजेवर. सोमवारी सकाळी ती म्हणाली, "एक दिस तरी बंद ठेवा हो. नीट करा अन् मग लावा."

मी बझरची वायर सोडवली. टोकं वेगळी करून चिकटपट्टी गुंडाळली. उद्या परवा दोष सापडला की पुन्हा लावू, असा विचार होता. संगणक मात्र चालू ठेवला.

त्या दुपारी मी गाढ झोपलो. उठलो तेव्हा पाच वाजले होते. पुढच्या खोलीतून आबांचा खोकला ऐकू आला, म्हणून मी निवांत अंगणात जाऊन तोंड धुतलं. पडद्यावर तीन होते. आम्ही तिघं घरात. मी समाधानानं वहीत आकडे उतरवले, न वाचताच.

पुढं गेलो तर आबांनी मान वर केली.

"हिंमत," ते म्हणाले, "चहा ठेवाले सांग केसरले."

माझ्या हातातून टॉवेल पडला. केसर धावत आली, दारात उभी राहून त्यांच्याकडं पाहू लागली.

"काऊन अशी पाहतं, केसर? साखर कमी टाकजो."

वर्षभरात तिचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नव्हतं. ती तिथंच खाली बसून रडली. मीही रडलो. त्या संध्याकाळी ते आमच्या लग्नातल्या गोष्टी सांगत होते, कोण रुसलं, कोणाच्या बैलगाडीचं चाक मोडलं. मायचं नाव मी भीत भीत विचारलं. त्यांनी लगेच सांगितलं. विहिरीला किती हात पाणी होतं तेही.

"आबा, सुलतानपूरले जायचं काय, एखाद्या दिशी?" केसरनं लाडानं विचारलं.

"कशाले?" ते म्हणाले. "मले कुठंच जायचं नाही आता."

६

मंगळवारी सकाळी बनाबाई दाराशी आली. म्हणाली, "काल दुपारी आबा मेहकर रोडानं चालले व्हते न? मी आवाज देला, पाह्यलंबी नाही माह्याकडं. आले काय परत?"

केसर हसून म्हणाली, "हे काय बसले. बरे झाले आमचे आबा. या आत, बोला."

बनाबाई आत येऊन बोलली. आबांनी तिच्या तिन्ही पोरांची नावं घेऊन विचारपूस केली. ती गेली ते कानशिलावर बोटं मोडून त्यांची दृष्ट काढत, देवाचं नाव घेत.

मी मधल्या खोलीत जाऊन वही उघडली. सोमवार. तीन वाजून पाच मिनिटं, आत, एकशे वीस. तीन वाजून चाळीस मिनिटं, बाहेर, एकशे अडतीस.

मी मागची पानं पाहिली. रविवारपासून रविवारपर्यंत, जाताना एकशे वीस, येताना एकशे वीस, आठही दिवस. फक्त सोमवारी बाहेर जाणाऱ्याचा आकडा वेगळा होता. एकशे अडतीस. पाय ओढणाऱ्या माणसाचा.

एका आकड्यावरून काय धरायचं, असं मी स्वतःला म्हणालो. ज्या यंत्राला मी आठ दिवस खोटं ठरवलं, तेच नवव्या दिवशी खरं कसं मानायचं? बनाबाईला लांबचं कमी दिसतं. आणि माझे वडील तर भिंतीपलीकडं बसले आहेत, त्यांचा खोकला येतो आहे.

तेव्हा लक्षात आलं की खोकला आता येत नव्हता. पुढच्या खोलीत काहीच आवाज नव्हता. बाजेचा सुंभ करकरत नव्हता, श्वास नव्हता. मी मधल्या दाराच्या पडद्याकडं एक पाऊल टाकलं, फरशीवर माझा पाय वाजला, आणि खोकला सुरू झाला. मी मागं सरून थांबलो. खोकला थांबला. पुन्हा पाऊल वाजवलं. पुन्हा सुरू झाला.

मी आत गेलो. "आबा, चला, ओट्यावर बसू जरा. वारा हाय."

मला त्यांना पत्र्यावरून नेऊन आकडा पाहायचा होता. हे त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी पोत्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि हसले.

"नोको. तूच जाय."

तसाच निघून मी मेहकर रोडनं शोधत गेलो असतो तर काय झालं असतं, हे आता मला माहीत आहे. तेव्हा मी शोधणार तरी कोणाला होतो? रस्त्यावरच्या माणसांना काय विचारणार होतो, माझे वडील दिसले का, ते घरी बसलेले आहेत? मी सायकल काढली, स्टँडपर्यंत गेलो, गफ्फारच्या दुकानात विनाकारण तासभर बसलो आणि परत आलो.

दाराशी सायकल लावताना मी आवाज केला नाही. खिडकीची एक झडप किंचित उघडी होती. त्यातून मी आत पाहिलं.

तो बाजेवरून उठला होता. भिंतीकडं तोंड करून सरळ उभा होता, आबा गेल्या दहा वर्षांत उभे राहिले नव्हते इतका सरळ. मग तो चालू लागला. उजवा पाय ओढत चार पावलं गेला. थांबला. मान वाकडी करून जणू काही आठवून पाहिलं. मग वळला आणि डावा पाय ओढत चार पावलं आला. पुन्हा थांबला. पुन्हा डावा. या वेळी जरा कमी ओढला. पुन्हा.

मी सायकलच्या हँडलला धरून उभा राहिलो. घंटीला माझं बोट लागलं असावं. आत खोकल्याचा आवाज सुरू झाला.

७

बुधवारी दहाच्या सुमाराला गफ्फार घरी आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"सर, मेहकर रोडले पुलाखाली एक बुढा सापडला, मेलेला. सरकारी दवाखान्यात आनला. स्टँडवर चर्चा हाय. मले वाटलं…" त्यानं आत बाजेकडं पाहिलं. आबांनी त्याला हात केला. "कसा हाय गफ्फार? दुकान चालते न?"

"हाव, आबा," तो म्हणाला, आणि माझ्याकडं न पाहता उतरून गेला.

मी केसरला सांगितलं की शाळेत काम आहे.

दवाखान्याच्या मागच्या पडवीत स्ट्रेचर होतं. शेजारी एक हवालदार खुर्चीवर बसून कागदावर लिहीत होता. त्यानं मला मास्तर म्हणून ओळखलं आणि स्वतः उठून चादर बाजूला केली.

बापाला ओळखायला खूण लागत नाही. ते माझे वडील होते. ओठ फाटलेले, पायांना फडकं गुंडाळलेलं, कोणीतरी दयेनं बांधलेलं. चेहऱ्यावर तोच घास गालात ठेवून बसल्यासारखा भाव. रविवारी मी पुसलेलं तोंड.

"मेंढ्यावाला सांगून राह्यला," हवालदार म्हणाला, "सोमवारी सांजेपासून पुलाखाली बसला व्हता. पानी देलं त्यानं, भाकर देली. नाव इचारलं, गाव इचारलं, काई सांगता येत नव्हतं. निसतं म्हने, पोरगा येईन न्याले, गाडी गेली म्हनून सांगीन अन् घरी नेईन. मंगळवारी दुपारी जीव गेला." त्यानं कागद सरळ केला. "ओळखीचा हाय काय, सर?"

मंगळवारी दुपारी मी गफ्फारच्या दुकानात बसलो होतो.

मी तोंड उघडलं. हे माझे वडील आहेत असं म्हटलं असतं, तर हवालदार घरी आला असता. बाजेवर त्यानं आबांना पाहिलं असतं. आबांनी त्याला नावानिशी हाक मारली असती. केसर दाराशी उभी राहून माझ्याकडं पाहत राहिली असती, आणि त्या बाजेवरच्याला कळलं असतं की मला माहीत आहे. मला वाटतं, शेवटच्या गोष्टीचीच भीती सगळ्यांत जास्त होती. पण हे मी नंतर जुळवलेलं आहे. त्या क्षणी मी फक्त भ्यालो.

"नाही," मी म्हणालो.

"बेवारस मंग," तो म्हणाला आणि लिहू लागला.

"अग्नी… कोण देते अशाले?"

"नगरपालिकेचे मानसं हायेत." त्यानं वर पाहिलं. "तुमी काऊन घाबरून राह्यले, सर? बसा जरा. पानी आनू काय?"

मी चादर नीट केली. पायाकडून ती आखूड पडत होती. एवढंच मी केलं.

८

स्मशानाच्या अलीकडच्या वळणावर मी सायकल धरून उभा राहिलो. दुपारी दोनच्या सुमाराला हातगाडी गेली, दोन माणसं ढकलत होती. धूर दिसेपर्यंत थांबलो. त्या उन्हात धूर जेमतेम दिसत होता.

परत येताना न्हाव्याच्या दुकानात शिरलो आणि खुर्चीत बसलो.

"काय करू, सर?"

"पूर्ण काढ. मिशीबी."

त्याचा वस्तरा थांबला. आरशातून त्यानं मला पाहिलं. "कोन गेलं, सर?"

"कोनी नाही. उन्हाळा हाय."

त्यानं वस्तरा पुन्हा चालवला. केस माझ्या मांडीवर पडत होते, ते मी झटकले नाहीत.

घरी आलो तेव्हा केसर मला पाहून किंचाळली. "अवं माय! हे काय करून आले? आबा बसले असताना मिशी काढते काय कोनी? लोक काय म्हनतीन?" मी तिला उन्हाचंच कारण सांगितलं. ती पुटपुटत चहा ठेवायला गेली. तिचं काही चुकत नव्हतं. ती खूश होती, गेले दोन दिवस गाणी म्हणत भाकरी थापत होती, आणि ते तिच्याकडून काढून घ्यायला माझ्याजवळ एका वहीशिवाय काही नव्हतं. ती वही मी नंतर चुलीत घातली. संगणक शाळा उघडायच्या आधीच परत केला.

मी पुढच्या खोलीत उभा होतो. तो बाजेवरून माझ्याकडं पाहत होता. वडिलांचे डोळे, वडिलांच्या भुवया, गळ्याशी तीच सैल कातडी. त्यानं मला हातानं जवळ बोलावलं. मी गेलो. का गेलो ते मला सांगता येत नाही. त्यानं हात उचलून माझ्या भादरलेल्या डोक्यावरून फिरवला, मागून पुढं, हळूहळू. हात कोरडा होता, त्या मे महिन्यातही गार.

"कवा गेला?" त्यानं विचारलं.

आत कपबशा वाजत होत्या.

"मंगळवारी," मी म्हणालो.

"हाव," तो म्हणाला. "तुह्या वाटेकडं डोळे लावून बसला व्हता."

केसर चहा घेऊन आली. तिनं आधी त्याला दिला, मग मला. मी खाली जमिनीवर बसलो आणि प्यायलो.